डमी विकणे आहे, फ्रॉक नव्हे

गळा

मी एक जुनी डमी आहे आणि मला डोकं नाही. मित्रांनो, हे मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण उशिरा कळलं की माणसं किंमत पाडून मागतात.

शिवलेला कपडा अंगावर नीट बसतो की नाही हे बघायला शिंपी लोक जे धड उभं करून ठेवतात, ते म्हणजे मी. मी गळ्याशी सुरू होते आणि मांड्यांपाशी संपते. खाली एक लोखंडी दांडा, त्याला तीन पाय. डोकं आणि हात गिऱ्हाईक आपापले घेऊन येतं, म्हणून कारखान्यानं मला ते दिलेच नाहीत.

तेव्हा माझी गोष्ट मी डोक्यापासून सांगू शकत नाही. मावशी जशी माप घ्यायची तशी सांगते, गळ्यापासून खाली. मध्ये कुठे उसवली, तर सांभाळून घ्या.

खांदे

माझा जन्म कागदाच्या लगद्यातून झाला. जुनी वर्तमानपत्रं खळीत भिजवून साच्यात एकावर एक थापली, वाळवली, दोन अर्धी अंगं जोडली, वर सुती कापड ताणून बसवलं आणि मी झाले. त्यामुळे माझ्या पोटात अजूनही बातम्या आहेत. डाव्या बरगडीशी कुठल्याशा पुराची अर्धी बातमी आहे. पूर ओसरला की नाही, ते मला कधीच कळलं नाही. उजव्या खांद्याच्या आत एक छोटी जाहिरात आहे : काळी छत्री हरवली आहे, आणून देणाऱ्यास योग्य बक्षीस.

मावशीनं मला घेतलं तेव्हा ती तरुण होती. तिची खोली तळमजल्यावर, रस्त्याला लागून. एक खिडकी, एक शिलाई मशीन, कापडं बेतायचं लांब टेबल, इस्त्री, आणि कोपऱ्यात मी. सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची. तिच्याहून वयानं मोठ्या बायकासुद्धा मावशीच म्हणायच्या, आणि तीही त्यांना उलट काही बोलायची नाही.

मला आत आणल्यावर तिनं सगळ्यात आधी खिडकीचा पडदा ओढला. मग स्वतःची शाल काढून माझ्या अंगावर टाकली आणि म्हणाली, "परक्या माणसांसमोर अशी उघडी कशी गं उभी राहणार तू?"

त्या दिवसापासून तिनं मला कधी उघडं ठेवलं नाही. काम नसेल तेव्हाही अंगावर एखादं कापड असायचंच. ही तिची माया होती. पुढे याच मायेनं आम्हाला चांगलंच गोत्यात आणलं.

बाही

मला बाह्या नाहीत. पुढे चला.

पाठ

गिऱ्हाइकाचं माप घेतलं की मावशी कापूस आणि चिंध्यांच्या पट्ट्या घेऊन माझ्याकडे यायची. कुणाची कंबर भरलेली, कुणाच्या पाठीला पोक, कुणाचा एक खांदा उतरलेला. ती तिथे तिथे पट्ट्या गुंडाळायची, दाबायची, टाचायची, आणि बघता बघता मी ती बाई होऊन जायचे. सकाळी मी शाळेतल्या बाई असायचे, दुपारी बेकरीवाल्याची सून. एकदा तर मी आठवडाभर गरोदर होते. मित्रांनो, इतक्या लोकांचं अंग माझ्याइतकं कुणाला कळलं नसेल. लोक आरशात समोरून दिसतात. मला त्यांच्या पाठी माहीत होत्या.

"मावशीच्या हाताला फिटिंग आहे," असं लोक म्हणायचे. टाचण्या माझ्या पाठीत आणि कौतुक मावशीचं. माझी तक्रार नाही. म्हणजे, थोडी आहे.

पण मावशीच्या दोन खोडी सांगायलाच हव्यात, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

पहिली. तिला 'नाही' म्हणता यायचं नाही. कुणीही कापड घेऊन आलं, कितीही घाई असली, तरी ती म्हणायची, "झालंच समजा. गुरुवारी या." शाळेतल्या बाईंना गुरुवार, बेकरीवाल्याच्या सुनेला गुरुवार, आणि त्या दोघींच्या मागे उभ्या असलेल्या तिसरीलाही गुरुवारच. मग गुरुवारी सगळ्याजणी एकदम आल्या की ती शांतपणे सांगायची, "काज-बटणं तेवढी राहिलीत हो."

दुसरी खोड किमतीची. गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आधी ही स्वतःशीच घासाघीस करायची. "पाचशे झाले. बरं, साडेचारशे द्या. नाहीतर असं करा, तुम्हीच बघा काय ते." समोरची बाई पर्समधून पाचशे काढून हातात धरून उभी असायची, आणि तिला त्यातले शंभर परत ठेवावे लागायचे.

वर्षं गेली. तयार कपड्यांची दुकानं झाली. मावशीकडे आता चेन बसवायची, पॅन्ट आखूड करायची, एवढीच कामं येऊ लागली. त्यासाठी डमी लागत नाही. माझ्या गळ्यात बाजाराची पिशवी लटकू लागली, खांद्यावर ओला टॉवेल. तिच्या डोळ्यांना सुईचं भोक दिसेनासं झालं. मग एक दिवस घरमालकानं येऊन सांगितलं की तळमजला मोकळा करून गाड्या ठेवायला जागा करायची आहे. शनिवारी किल्ली द्या.

मावशीची भाची तिला न्यायला तयार होती. मावशीनंच वाढवलेली भाची ती. तिचं घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. "तुझ्यासाठी पलंग आहे, मावशी," ती म्हणाली, "पण ही कुठे ठेवू? आमच्याकडे कूस बदलायची तरी आधी घरात सांगावं लागतं."

शिलाई मशीन पहिल्याच दिवशी विकलं गेलं. मशीन म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. टेबल सुतार घेऊन गेला. इस्त्री शेजारणीनं नेली. उरले मी. आणि शनिवारी जे उरेल ते भंगारात, असं ठरलेलं होतं.

मावशी हसून म्हणाली, "तिला काट्यावर चढवशील तर दुसऱ्या पारड्यात मी बसते." पण त्या रात्री जेवणानंतर तिनं माझ्यावरची धूळ पुसली, आणि एकाच जागी फार वेळ पुसत राहिली.

कंबर

भाची एका दवाखान्यात काम करते. पेशंटना नंबर द्यायचा, ओळीत बसवायचं, मध्ये घुसणाऱ्याला परत पाठवायचं. आवाज खणखणीत. तिनं फोन काढला आणि म्हणाली, "ऑनलाइन टाकूया. सरक जरा, फोटो घेते."

"थांब, थांब!" मावशी धावली. "सगळ्या जगासमोर उघडी दाखवणार आहेस तिला?"

"अगं, डमी आहे ती."

"म्हणून काय झालं?"

आणि मावशीनं कपाटातून निळा फ्रॉक काढला. पांढरी कॉलर, कमरेला बारीक चुण्या, तिच्या हातचं सगळ्यात देखणं काम. एका गिऱ्हाइकानं कापड दिलं होतं, शिवून झालं, आणि ती बाई परत आलीच नाही. मावशी अजून तो फ्रॉक दर महिन्याला झटकून घडी घालून ठेवायची. तो तिनं मला घातला, कॉलर सारखी केली, दोन पावलं मागे जाऊन बघितलं. "आता घे."

फोटो खरंच छान आला. खाली भाचीनं लिहिलं, 'डमी विकणे आहे', आणि मावशीनं सांगितली तशी सगळी मापं इंचांत टाकली. दवाखान्यात फोन वापरता येत नाही म्हणून नंबर मावशीचा दिला.

मग हे सुरू झालं :

'फ्रॉक केवढ्याला?'

'लाल रंगात मिळेल का?'

'फोटोत मुलीचं डोकं का कापलंय?'

'हा उभा पंखा आहे का? स्पीड किती?'

'बदल्यात माशांची काचेची पेटी देतो. मासे मेले.'

'लास्ट प्राइस?'

'हात वेगळ्या पार्सलनं येणार का?'

'डोकं नाही म्हणजे डॅमेज माल आहे. निम्म्यात द्या.'

'लास्ट प्राइस?'

'फ्रॉक धुतलेला आहे ना?'

'लास्ट प्राइस?'

त्या तिन्ही 'लास्ट प्राइस' एकाच माणसाच्या होत्या. दुसरा शब्द नाही, नमस्कार नाही, नाव नाही. भाचीनं वैतागून त्याचा नंबर 'लास्टप्राइस' याच नावानं सेव्ह केला.

संध्याकाळी ती मावशीसमोर मांडी ठोकून बसली. "लोकांचा काय दोष? आपण फोटो फ्रॉकचा टाकलाय. फ्रॉक काढ, तशीच दाखवूया."

"मुळीच नाही."

"मावशी!"

"पाठमोरी चालेल," मावशी बऱ्याच विचारानं म्हणाली.

"किती ते चोचले! बरं, पाठमोरी."

आणि असा माझा दुसरा फोटो निघाला, खिडकीकडे तोंड करून. म्हणजे तोंड असतं तर. खाली भाचीनं नवं लिहिलं : 'ही शिवणकामाची डमी आहे. हिला डोकं आणि हात मुळातच नसतात, तुटलेले नाहीत. वापरलेली आहे, मजबूत आहे. पहिल्या फोटोतला फ्रॉक विकायचा नाही. पंखा नाही. किंमत पाच हजार. स्वतः येऊन न्यावी लागेल.'

"आणि ऐक," ती मावशीला म्हणाली, "फोनवर कुणाला कबूल करायचं नाही. 'बघायला या, जो आधी पैसे देईल त्याची,' एवढंच सांगायचं. 'तुमचीच समजा' अजिबात म्हणायचं नाही. कळलं?"

"कळलं की. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

दुसऱ्या दिवशी भाची कामावर गेली आणि फोन वाजला.

"हो हो, आहे ना," मावशी म्हणाली. "अहो, तुमचीच समजा. गुरुवारी या."

पुन्हा वाजला. "झालंच समजा. गुरुवारी या."

पुन्हा वाजला. मित्रांनो, मी सगळं ऐकत होते. डोकं असतं तर बडवून घेतलं असतं.

घेर

गुरुवारी भाचीनं सामान बांधायला सुट्टी घेतली होती. बेल वाजली. तिनं दार उघडलं आणि तशीच उभी राहिली.

दारात तीन माणसं होती, आणि तिघंही एकमेकांकडे संशयानं बघत होती. एक नटूनथटून आलेल्या बाई. एक तयार कपड्यांचे दुकानदार, त्यांच्या हातात प्लॅस्टिकचं एक गुलाबी डोकं. आणि गल्लीतला भंगारवाला.

"मावशी," भाची मान न वळवता म्हणाली, "तू यांना बोलावलंस?"

आतून बारीक आवाज आला, "काज-बटणं तेवढी..."

"कुठली काज-बटणं!"

"मला तर सांगितलं माझीच समजा म्हणून," बाई म्हणाल्या.

"मलाही," दुकानदार म्हणाले.

"मला नाही सांगितलं," भंगारवाला म्हणाला. "मी शनिवारचाच आहे. इकडून जात होतो, गर्दी दिसली म्हणून थांबलो."

भाचीनं एक खोल श्वास घेतला. मग ती दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली, "बसून घ्या. नंबरानं बोलायचं. ताई, तुम्ही एक. साहेब, तुम्ही दोन. दादा, तुम्ही तीन."

बसायला काही उरलं नव्हतं, म्हणून सगळे भिंतीला टेकून उभे राहिले, आणि खरोखर नंबराची वाट बघू लागले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या अंगावरच्या साध्या चादरीकडे पाहिलं. "फ्रॉक कुठंय?"

"ताई, खाली लिहिलंय ना, फ्रॉक विकायचा नाही. डमी विकायची आहे."

"डमी? मला वाटलं कंपनीचं नाव आहे." बाई हिरमुसल्या. "तीन बस बदलून आलेय हो मी. मुलीचा कार्यक्रम आहे. मी सहा हजार देते."

सहा हजार. माझ्यापेक्षा जास्त. भाचीनं मावशीचा हात हळूच दाबला. दोन खोल्यांच्या घरात सहा हजार म्हणजे मावशीसाठी घेतलेल्या पलंगाचे पैसे.

मावशीच्या ओठांवर 'घ्या' आलं होतं, मला दिसत होतं. समोरचा माणूस हिरमुसला की तिच्या तोंडून आपोआप होकार निघायचा. पण ती म्हणाली, "कापड दुसऱ्या गिऱ्हाइकाचं आहे, बाई. मी फक्त शिवलंय. माझं असतं तर दिलं असतं." मग ती उठली, बांधलेल्या गाठोड्यातून तपकिरी कागदाची एक घडी काढली आणि बाईंच्या हातात ठेवली. "हा त्या फ्रॉकचा बेतलेला कागद. मुलीच्या मापाला थोडं आत घ्यायला सांगा. कुठलाही चांगला शिंपी शिवून देईल."

"याचे किती?"

"कागदाचे कसले? न्या. तुम्हाला चुकून बोलावलं मी."

बाई उजळलेल्या चेहऱ्यानं गेल्या. भाची पुटपुटली, "एक नंबर झाला. सहा हजार गेले. दोन नंबर!"

दुकानदार पुढे झाले. त्यांनी मला गरागरा फिरवलं, पोटावर टिचकी मारली. "कागदी आहे. हरकत नाही. गळ्याला वरून ड्रिलनं भोक पाडतो, हे डोकं बसवतो, खांद्यांना खिळे मारून हात लावतो. काचेत उभी करतो. किती म्हणालात?"

ते गुलाबी डोकं त्यांच्या काखेतून माझ्याकडे बघून हसत होतं. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मला डोकं नाही तेच बरं आहे.

मावशीनं तोंड उघडलं. "पाच हजार. बरं, साडे..."

भाची विजेसारखी पुढे झाली. तिनं गाठोड्यावरची टाचण्यांची डबी उघडली आणि मावशीच्या हातात चार टाचण्या ठेवल्या. "धर तोंडात."

"आँ?"

"काम करताना धरायचीस ना ओठांत? धर. किंमत सांगून झाली."

मावशीनं टाचण्या ओठांत धरल्या. शिवणारे लोक जाणतात, टाचण्या ओठांत असल्या की माणूस बोलू शकत नाही. बोलला तर गिळतो.

"तीन हजार," दुकानदार म्हणाले.

मावशी गप्प.

"बरं, साडेतीन. डोकं माझं आहे, हे लक्षात घ्या."

मावशी गप्प.

"काही बोला तरी! चार. चार म्हणजे डोक्यावरून पाणी."

मावशीचे डोळे कावरेबावरे झाले होते. तिचा चेहरा सांगत होता की ओठ मोकळे असते तर ती केव्हाच दोन हजारांवर उतरली असती आणि वर त्यांना चहासुद्धा विचारला असता. पण टाचण्या होत्या.

"मग राहिलं," असं म्हणून दुकानदार निघाले. उंबऱ्याशी थांबून त्यांनी बुटाची नाडी सोडली आणि सावकाश पुन्हा बांधली. मग दुसऱ्या बुटाची. ते हाकेची वाट बघत होते, आणि मावशीनं आजवर प्रत्येक जाणाऱ्याला हाक मारलीच होती. तिनं दोन्ही हातांनी माझा दांडा घट्ट धरला.

ते गेले.

खोलीत आता भंगारवाला तेवढा उरला. भला माणूस. तो पुढे आला आणि दांड्यावर हात ठेवून म्हणाला, "मावशी, दांडा लोखंडी आहे. बाकी सगळा कागद. मन लावून घेऊ नका. शनिवारी गाडी आणतो." त्याच्या हाताला गंजाचा वास होता. मला वाटलं, आता पुराची ती बातमी संपली एकदाची.

मावशीनं टाचण्या तळहातावर काढल्या. "हाक मारायला हवी होती," ती हळूच म्हणाली. "चार हजार देत होता. काचेत तरी राहिली असती. काट्यावर नसती गेली."

भाचीचा खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला. "माझंच चुकलं का गं?" तिनं विचारलं.

तेवढ्यात दाराबाहेर भांडण ऐकू आलं.

"अहो, हेच घर आहे! मघाशी याच दारावरून दोनदा गेलो!"

"पाटी कुठंय पण?"

"पाटी वाचून कधी काही सापडलंय तुम्हाला?"

आणि दारात एक उंच, दणकट गृहस्थ उभे राहिले, हातात टोपी, कपाळावर घाम. त्यांच्यामागे त्यांची बायको, ठेंगणी, तरतरीत. गृहस्थांनी खोलीभर नजर टाकली, घसा साफ केला आणि म्हणाले, "लास्ट प्राइस?"

"अच्छा!" भाची म्हणाली. "ते तुम्ही का?"

गृहस्थ कानापर्यंत लाल झाले. "माफ करा. लिहायला काय लिहावं ते मला कळेना. सगळे हेच लिहितात म्हणून मीही लिहिलं. फोनवर यांनी सांगितलं, गुरुवारी या."

"हे क्रेन चालवायचे," बायको पुढे सरसावत म्हणाली. "आता घरी आहेत. स्वस्थ बसवेना म्हणून शिवण शिकले. क्रेननं इमारतींच्या तुळया उचललेला माणूस, आता बटणं लावतो. चांगलं लावतात, खोटं कशाला बोलू. पण वर्षभर मी उभी राहतेय हो! सकाळी उभी, संध्याकाळी उभी. टाचणी टोचली की मी ओरडते, मी ओरडले की हे रुसतात. माझे शर्ट झाले, स्कर्ट झाले, कोट झाले. परवा मला म्हणाले, हात वर करून अर्धा तास उभी राहतेस का? भाजी करपली त्या दिवशी."

"पाठ नीट बसत नव्हती," गृहस्थ अपराधी स्वरात म्हणाले.

ते माझ्याजवळ आले. दुकानदारांसारखी त्यांनी टिचकी मारली नाही. मला न फिरवता स्वतःच माझ्याभोवती फिरले आणि पाठीमागे थांबले. मग मावशीला विचारलं, "पट्ट्या इथे गुंडाळायच्या का? खांद्याच्या खाली?"

मावशीचा चेहरा बदलला. "आधी कापूस. मग पट्टी. उलटं केलंत तर घसरतं."

"आणि पोटावर?"

"पोटावर तिरकी गुंडाळा. सरळ नाही." ती पुढे आली आणि त्यांच्या हातांवर आपले हात ठेवून दाखवू लागली. बराच वेळ दोघं माझ्या पोटाबद्दल बोलत होती. बायको भिंतीला टेकून सुस्कारा सोडत म्हणाली, "बघितलंत? मी नसले तरी चालतंय."

शेवटी गृहस्थांनी घसा पुन्हा साफ केला. "किंमत... म्हणजे... लास्ट..."

मावशीनं भाचीकडे पाहिलं. मग सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाली, "पाच हजार." आणि कुणी न सांगता टाचण्या ओठांत धरल्या.

"थोडं कमी..." गृहस्थ सुरू झाले.

"द्या हो त्यांना!" बायकोनं स्वतःची पर्स उघडली. "वर्षभर उभं राहायचं भाडं म्हटलं तर जास्तच होईल. मावशी, एक पैसा कमी करू नका. फक्त आजच द्या. मी आज घरी जाऊन बसणार आहे."

आणि ती नोटा मोजत असतानाच दारात बूट वाजले. दुकानदार परत आले होते, धापा टाकत, काखेत गुलाबी डोकं. "बरं बाबा, पाच तर पाच. बांधा."

सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. भंगारवाल्यानंसुद्धा. मला ठाऊक होतं, आता ती काय म्हणणार. ती म्हणणार, तुमचीच समजा. ती म्हणणार, गुरुवारी या, आणि आज गुरुवारच होता.

मावशीनं एक एक करून चारही टाचण्या काढल्या, डबीत ठेवल्या, झाकण लावलं.

"नाही," ती म्हणाली.

बस. एवढंच. नंतर तिलाच तो शब्द आवडला असावा, कारण तिनं तो पुन्हा म्हणून पाहिला. "नाही. हिचं ठरलं. तुम्हाला उगाच दोन हेलपाटे झाले, त्याबद्दल माफ करा. पण नाही."

दुकानदारांनी डोकं दुसऱ्या काखेत घेतलं. मग खांदे उडवून म्हणाले, "सरळ सांगितलंत, बरं झालं. नाहीतर मी तिसऱ्यांदा आलो असतो." आणि ते गेले, यावेळी नाडी न बांधता.

भाची खाली जमिनीवर बसली आणि हसत सुटली. हसता हसता तिनं डोळे पुसले. "मावशी, इतकी वर्षं कुठे होता गं हा शब्द?"

"कोण जाणे," मावशी म्हणाली. "बसते जरा मीही." तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जसं घट्ट शिवलेलं काहीतरी कमरेशी थोडं सैल करून दिलं असावं.

भंगारवाल्यानं गृहस्थांना मला उचलायला मदत केली. दारातून मला आडवी नेली. मावशी शालीनं मला झाकायला धावली आणि बायकोनं तिच्याकडून ती शाल घेऊन स्वतः नीट गुंडाळली. मागून भाचीचा आवाज येत होता, "दादा, दांडा आपटू नका! दादा!"

उंची

मित्रांनो, आता मी एका चौथऱ्यावर उभी असते, खिडकीजवळ, म्हणून पूर्वीपेक्षा हातभर उंच झाले आहे. काट्यावर चढले नाही. गळ्यात भोक पडलं नाही. हे सांगताना सुटल्यासारखं वाटतं, तो सुस्कारा मी कुठून सोडते ते मला विचारू नका.

तुमच्याही घरी एखादी वस्तू असेल, जिचं काम संपलं असं तुम्हाला वाटतं. तिला अंधारात कुजवू नका, आणि भंगारातही घाईनं टाकू नका. ती कुणालातरी हवी असते. फक्त तिची ओळख सरळ करून द्या. जशी आहे तशी दाखवा, उणं असेल ते आधी सांगा. किंमत एकदाच सांगा आणि मग गप्प राहा. आणि जिथे देणं योग्य नाही, तिथे गोड बोलून कुणाला झुलवू नका. 'नाही' म्हटलेलं माणूस विसरतं. खोट्या होकारासाठी घातलेले हेलपाटे विसरत नाही.

बाकी माझं बरं चाललंय. गृहस्थांचा हात अजून जड आहे, टाचणी हवी त्यापेक्षा खोल जाते. काल ते कोटाची पाठ बसवत होते. टाचणी टोचली, आणि वर्षभराच्या सवयीनं ते दचकून थांबले.

"टोचलं का गं?" त्यांनी मला विचारलं.

"नाही!" आतल्या खोलीतून, खुर्चीत पाय वर घेऊन बसलेल्या बायकोचा आवाज आला. "अजिबात नाही टोचलं! चालू द्या!"